पिशवी काढली, पण नोंद कुठे आहे?

दसरा झाला की गेवराई तालुक्यातल्या वस्त्यांमधील घरांना कुलपे लागू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्ची पडलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. तलवाड्याच्या पंचक्रोशीतूनही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ऊस संपला की उन्हाळ्यात परततात. तलवाड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोंदवही मात्र बारा महिने जागच्या जागी असते. जी बाई वर्षातले पाच-सहा महिने गावातच नाही, तिचे दुखणे त्या वहीत उतरणार कसे? आपल्या समाजातलीही कितीतरी कुटुंबे कोयत्यावर जातात, म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

सरकारी दवाखान्यात गेलो की केसपेपर निघतो. नाव, वय, गाव, आजार, औषध. आपल्याला वाटते, हा कागद गोळ्या घेण्यापुरता. पण या कागदाचे दुसरे एक काम असते. एकाच वस्तीतली पाच माणसे दोन दिवसांत जुलाब-उलट्यांनी आली, तर एकेक केसपेपर पाहणाऱ्याला काही कळत नाही. पाचही नोंदी शेजारी ठेवल्या की विहिरीकडे किंवा नळाच्या फुटलेल्या पाइपाकडे बोट जाते. साथ पकडायची ती अशी. यासाठी नोव्हेंबर २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. उपकेंद्रातली नर्सबाई लक्षणे लिहिते, डॉक्टर आपले निदान लिहितात, प्रयोगशाळा रक्त-लघवीच्या तपासणीचा निकाल लिहिते. पूर्वी हे आकडे आठवड्याला कागदावर वरती जात. एप्रिल २०२१ पासून ही माहिती नव्या संगणक व्यवस्थेत जाते. तिच्यात नुसती बेरीज नसते, रुग्णागणिक आणि गावागणिक नोंद असते.

ही व्यवस्था चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ती बनली आहे साथीसाठी. हिवताप, डेंग्यू, गोवर, कावीळ, जुलाब यांवर तिचा डोळा. बाईच्या अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे, यांची साथ येत नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या डोक्यावर, आणि एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जाण्याची धास्ती. मग बाई दुखणे अंगावर काढते. अगदीच असह्य झाले की गावी परतल्यावर किंवा निघण्याआधी खाजगी दवाखाना गाठते. तिथे काही डॉक्टर तिला कॅन्सरची भीती घालतात आणि सांगतात, पिशवी काढून टाका. दोन-तीन लेकरे झालेली, वय तिशीच्या आतबाहेर. उचल पुन्हा वाढते, पिशवी निघते.

हे किती घरांत घडत होते? २०१९ साली बीडच्या या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हा कुठे मोजणी झाली. त्या वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशाचे प्रमाण शंभरी तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, हे मान्य. तरी सहात एक आणि शंभरात तीन, यातले अंतर कोणालाही दिसेल.

मला राहून राहून वाटते ते हे, की यातली एकही शस्त्रक्रिया चोरून झालेली नव्हती. बाई दवाखान्यात गेली, भूल दिली, टाके पडले, बिल भरले. वस्तीतल्या प्रत्येक घराला ते ठाऊक होते. परत आल्यावर तीच बाई कंबरदुखीसाठी, चक्कर येते म्हणून सरकारी दवाखान्यात गेली असणार. तेव्हा केसपेपरवर ‘कंबरदुखी’ इतकेच लिहिले गेले, की ‘वय २८, पिशवी काढलेली, ऊसतोड’ असे लिहिले गेले? दुसरी ओळ संगणकात गेली असती आणि शेजारच्या गावांतल्या तशाच ओळी तिच्याजवळ ठेवल्या गेल्या असत्या, तर वर्ष-दोन वर्षांत कोणाला तरी शंका आली असती. वर्तमानपत्रांची वाट पाहावी लागली नसती.

असे काम खेड्यात होत नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावोगाव कार्यकर्ते फिरतात आणि कोणाला कॅन्सर झाला, कोण दगावले हे विचारून लिहितात. खेड्यातल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर किती होतो, हे अशा नोंदींतूनच कळते. पुढे त्यावेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिलांवर मोठे संशोधन झाले. त्याचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असे दिसले. जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. मात्र तुलनेसाठी एका गटाची तपासणी झाली नव्हती, आणि त्या गटातल्या बायकांच्या मृत्यूंवरून पुढे कडक टीकाही झाली. नोंदीचा उपयोग होतो, तसा नोंद झालेल्या माणसाचा नुसता वापरही होऊ शकतो. ही दुसरी बाजू गरिबाने विसरू नये.

इंग्लंडात माणूस एकाच कुटुंब-डॉक्टरकडे नाव नोंदवतो, त्यामुळे त्याचे जन्मभराचे आजारपण एका जागी सापडते. तिथल्या डॉक्टरांच्या संगणकातल्या नोंदी, नावे झाकून, १९८७ पासूनच संशोधनासाठी जमा होत आल्या आहेत. गोवराच्या लसीने मुलांना ऑटिझम म्हणजे स्वमग्नता होते अशी आवई तिथे उठली होती. ती खोटी असल्याचे २००४ मध्ये याच नोंदींतून पुन्हा दिसले. कोयत्यावरची बाई मात्र एका हंगामात तीन जिल्ह्यांतले चार डॉक्टर पाहते, आणि चौघांचे कागद चार ठिकाणी.

हे कागद जोडण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून देशभर ‘आभा’ क्रमांक देणे सुरू झाले. चौदा आकडी असतो. पाच लाखांच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड ते वेगळे. दोन्हींचा घोळ घालू नका. आभा काढणे ऐच्छिक आहे, आणि त्यातले कागद दुसऱ्याला दाखवायचे तर तुमची संमती लागते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा मोबाइलवर आलेला ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी, हे विचारायला लाजू नये. ज्यांना पिढ्यान् पिढ्या नाव आणि जात विचारूनच बाजूला बसवले गेले, त्यांना हा प्रश्न विचारायचा अधिकार जरा जास्तच आहे!

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी डॉक्टरांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. २०२२ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर रुग्णालयाने ते कारणासह कळवावे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. कागदावर नियम आहेत. पण खाजगी दवाखान्याने कळवलेच नाही, तर दवाखान्याबाहेर त्याचा पुरावा फक्त त्या बाईच्या हातातला कागद असतो.

म्हणून आयाबहिणींनो, ऑपरेशन झाले असेल तर डिस्चार्ज कार्ड घ्या. काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल मागा. कॅन्सर होता की नव्हता ते त्यात लिहिलेले असते. अंडाशय ठेवले की काढले, हेही विचारा, कारण तेही काढले असेल तर हाडे लवकर ठिसूळ होतात. मागणी केल्यावर ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम सांगतो. आणि यंदा टोळी निघण्याआधी आशाताईंना गाठून तलवाड्याच्या दवाखान्यात एकदा जा, पिशवीतले जुने कागद टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘बाई, हे पण लिहून घ्या.’