नाणे नको, डबी घासा!



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात पुष्कळ घरी लक्ष्मीपूजनाला चांदीचे जुने रुपये बाहेर निघतात. कुणाकडे भोकाचा पैसा असतो, कुणाकडे 1957 साली दशमान पद्धतीबरोबर आलेला नवा पैसा. ही नाणी प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत ठेवण्याची सवय चांगलीच आहे. पण काही वर्षांत डबीवर ओरखडे पडून ती धुरकट दिसू लागते. मग नाणेच मळले असे समजून ते चिंच-राखेने घासले जाते. डबी दुसरी मिळते, पण नाण्यावरची झिजलेली अक्षरे परत येत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही डबीच्या निगेविषयी माहिती देत आहोत.

आपला भाग पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांच्या काळातील रुपयेसुद्धा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेले असत. 1853 साली तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले आणि इंग्रजांचा रुपया उरला. 1939 पर्यंत या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात सुमारे 92 टक्के चांदी असे. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा निघाला. हा सगळा इतिहास नाण्यावरील अक्षरे व सन यांवरून वाचता येतो.

आता डबीकडे वळू. प्रथम प्लास्टिक ओळखावे. नव्या रेनकोटसारखा वास येणारी मऊ, लवचिक पाकिटे बहुधा पीव्हीसीची असतात. उष्णतेने व काळाने त्यांतून आम्लयुक्त द्रव्य सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. अशी पाकिटे स्वच्छ करीत बसू नयेत, बदलूनच टाकावीत. खालील कृती फक्त टणक डब्यांसाठी आहे.

काम सुरू करण्यापूर्वी नाणे कडेने धरून बाहेर काढावे व मऊ कापडावर ठेवावे. डबी कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण धुळीतील वाळूचे कण प्लास्टिकपेक्षा कठीण असतात आणि तेच ओरखडे पाडतात. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून डबी बोटांनी हलकेच धुवावी व सुती कापडाने टिपून घ्यावी.

बारीक ओरखडे राहिले तर पांढरी टूथपेस्ट ओल्या मऊ कापडावर घेऊन दोन-तीन मिनिटे हलक्या हाताने गोल फिरवावी. यात ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतीचे प्लास्टिक झिजून सपाट होते आणि प्रकाश विखुरणे थांबते. नखाला लागणारा ओरखडा असेल तर गाड्यांच्या रंगकामासाठी मिळणारा 1500 व नंतर 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरावा आणि शेवटी टूथपेस्ट लावावी. फारच खोल चर असेल तर नवी डबी घेणे बरे. शेवटी डबी भरपूर पाण्याने धुवावी आणि एक दिवस सावलीत पूर्ण वाळवावी. ओल राहिली तर तांब्याचे नाणे काळे-हिरवे पडते.

पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव वापरू नये. त्याने प्लास्टिक पांढरे पडते, तडकते किंवा विरघळते. तपासणी करून सीलबंद केलेली डबी उघडू नये व पाण्यात बुडवू नये. तिचा बाहेरचा भाग ओलसर कापडाने टिपावा, सांध्यात पाणी जाऊ देऊ नये.

आणखी एक विनंती. पूजेत जुन्या नाण्यावर दही-पंचामृत किंवा हळद-कुंकू घालण्याऐवजी ते डबीतच ठेवून हळद-कुंकू डबीवर वाहावे. पूजेत काही उणे राहत नाही आणि नाणेही वाचते. त्याच वेळी आजी-आजोबांना विचारून ते नाणे घरात कसे आले हे वहीत लिहून ठेवावे. डबी नाण्याला जपते. त्याची आठवण मात्र आपल्यालाच जपावी लागते.