प्रार्थनाही चालू द्या, गोळीही

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. शुगरची गोळी खिशात ठेवून विठ्ठलापुढे उभं राहण्यात तिथे कुणालाच वावगं वाटत नाही. पण गोळी उदासीची आहे म्हटलं की देऊळ असो वा चर्च, सूर बदलतो. ख्रिस्ती मंडळींत ऐकू येणारं वाक्य ठरलेलं: विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव.

गैरसमज : खऱ्या विश्वासणाऱ्याला नैराश्य येत नाही.

बायबल उघडलं तर उलटंच दिसतं. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय बघा. आधीच्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर बाजी मारलेला एलीया संदेष्टा इथे रानातल्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला दटावत नाही. एलीया झोपतो. देवदूत उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन पुन्हा आडवा होतो, दूत पुन्हा जेवू घालतो. बोलणं निघतं ते पुढे, होरेब डोंगरावर. आधी झोप, मग अन्न, मग उपदेश! आपल्याकडे उपदेश पहिला येतो, आणि खचलेल्या माणसाला वर उपास धरायला सांगतात.

मिशनरी ई. स्टॅनली जोन्स यांचं मन भारतातल्या सुरुवातीच्या वर्षांत पार खचलं होतं. आपल्याला प्रार्थनेतून उभारी आली, असं ते सांगत. तरीही १९५० मध्ये लखनौला ‘नूर मंजिल’ हे मानसोपचार केंद्र त्यांनीच उभारलं.

गैरसमज : या गोळ्यांची सवय लागते.

नैराश्यावरच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, पण त्या वेगळ्या. अडचण अशी की गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि तेवढ्यात कंटाळून बरेच जण गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही ती एकदम तोडायची नसते, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

गैरसमज : मरणाचे विचार बोलून दाखवले की पोलीस केस, आणि चर्चमध्ये माती मिळत नाही.

विचार बोलून दाखवणं हा गुन्हा नाहीच. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो. कॅथलिक चर्चने तर १९८३ च्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली.

झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवडे उडालं असेल तर थांबू नका. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. पाळकांनी घरी जाऊन जरूर प्रार्थना करावी, हवं तर दवाखान्यात सोबतही जावं. मात्र चालू गोळी बंद करायला सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.