सात रेणूंचे छिद्र



'विष' हा शब्द ऐकला की जाळणारे, नासवणारे असे काहीतरी द्रव्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु काही जंतूंचे विष जाळीत नाही की नासवीत नाही. ते चक्क एक बांधकाम करते. शरीरातील पेशीच्या भिंतीत ते एक छिद्र बांधते आणि त्या छिद्रावाटे पेशीचे प्राण निघून जातात. हे बांधकाम कसे होते, ते आज आपणांस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत. १९२८ सालचा जानेवारी महिना. ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळा. तेथील क्वीन्सलँड प्रांतात, बंडाबर्ग गावी, मुलांना घटसर्पाची लस टोचण्याचे काम चालू होते. २७ जानेवारीस एकाच बाटलीतून २१ मुलांना लस टोचली गेली आणि दोन दिवसांच्या आत त्यांतील १२ मुले दगावली. सरकारने चौकशी आयोग नेमला. निष्पन्न झाले ते असे की, दोष लस टोचण्याच्या कल्पनेत नव्हता. रबरी बुचाच्या त्या बाटलीतून काही दिवस पुन्हा पुन्हा लस काढली जात होती आणि जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य तीत घातलेलेच नव्हते. त्या उन्हाळ्यात बाटलीत 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' नावाचे जंतू माजले होते. अनेकवार वापरायच्या बाटल्यांत जंतुरोधक द्रव्य असलेच पाहिजे, हा धडा वैद्यकाने येथे फार मोठी किंमत देऊन घेतला.

हा जंतू कोणी परका नव्हे. दहांतील सुमारे तीन माणसांच्या नाकात तो निमूटपणे राहतो. त्वचेला भेग पडली की गळू आणतो. रक्तात किंवा फुप्फुसात शिरला तर जिवावर बेततो. बंडाबर्गनंतर मेलबर्नचे तरुण संशोधक मॅक्फर्लेन बर्नेट यांनी त्याच्या विषाचा कसून अभ्यास केला. पुढे १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र वेगळ्या संशोधनाबद्दल. त्या विषांतील प्रमुख ते 'अल्फा विष'. त्याचा गुण तेव्हा कळला. त्याचे रूप दिसायला मात्र १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी या विषाचे स्फटिक करून, त्यांतून क्ष-किरण सोडून, त्यातील अणूंच्या जागा निश्चित केल्या.

येथे एक कोडे आहे. अल्फा विष हे २९३ अमिनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन असून ते पाण्यात विरघळते. पेशीचे आवरण तर स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराचे. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. मग पाण्यात रमणारे हे प्रथिन तेलकट भिंतीत घुसते कसे?

उत्तर त्याच्या घडणीत आहे. जंतूपासून सुटताना प्रत्येक रेणू एकटा असतो आणि आपला एक भाग मिटलेल्या छत्रीसारखा अंगाशी घेऊन असतो. तो पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो आणि सात रेणू मिळून एक कडे तयार होते. अद्याप छिद्र पडलेले नसते. कडे पूर्ण झाल्यावर साती रेणूंचे मिटलेले भाग उलगडतात आणि खाली आवरणात उतरतात. प्रत्येकाच्या दोन पट्ट्या, अशा चौदा पट्ट्या कडेला कड लावून उभ्या राहतात आणि लाकडी फळ्यांचे पिंप व्हावे तशी एक नळी होते. पट्टीतील अमिनो आम्लांची मांडणी एकाआड एक अशी आहे: एक तेलाशी सलगी करणारे, त्याचे तोंड बाहेर, पुढचे पाण्याशी सलगी करणारे, त्याचे तोंड आत. कोडे सुटले! नळी बाहेरून तेलकट, आतून पाणथळ.

सबंध रचना भूछत्रासारखी दिसते: वर टोपी, खाली देठ. उंची सुमारे दहा नॅनोमीटर; म्हणजे अशी हजारो भूछत्रे एकावर एक रचावीत, तेव्हा कोठे आपल्या केसाची जाडी भरेल. नळीचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम दीड नॅनोमीटर. पण तेवढे पुरते. आतले पोटॅशियम बाहेर जाते, बाहेरचे कॅल्शियम आत येते, पेशीची शक्ती गळून जाते. तांबडी पेशी असेल तर ती पाण्याने फुगून फुटते.

आता कोणी विचारील, या बारकाव्यांचा उपयोग काय? प्रतिजैविके जंतूला मारतात. सुटलेल्या विषाला नव्हे. शिवाय या जंतूच्या अनेक जाती आता प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अशा वेळी छिद्राचा आकार ठाऊक असेल, तर त्याला बूच शोधता येते. पिठुळ पदार्थापासून होणारे, ग्लुकोजच्या सात कड्यांचे एक वलय या सातकोनी नळीत नेमके बसते, असे आढळले. त्याच जातीच्या संयुगांनी उंदरांचा या जंतूच्या न्यूमोनियापासून बचाव झाला. माणसासाठी त्याचे औषध झालेले नाही. पण वाट दिसली आहे.

दुसरा उपयोग आणखी नवलाचा. १९९६ सालीच कासियानोविच, ब्रँटन, डीमर आदी संशोधकांनी याच छिद्रातून आनुवंशिक द्रव्याचे धागे, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसे, ओवून दाखविले. धागा सरकताना छिद्रातील विजेचा प्रवाह कमी होतो, तो मोजता येतो. त्या प्रयोगातूनच पुढे आनुवंशिक लिपी वाचणारी, मुठीत मावणारी यंत्रे निघाली.

बंडाबर्गची ती बारा मुले काही परत येणार नाहीत. परंतु ज्याने त्यांचा घात केला, त्या जंतूचे मुख्य हत्यार आज आपण अणूअणूने ओळखतो. शत्रूचे हत्यार ओळखणे हा विजय नव्हे, हे खरे. पण विजयाची सुरुवात दुसरीकडून कोठून होत नाही.