सर्चचा डबा पळवला कोणी?

फायरफॉक्स वापरणाऱ्यांची एक तक्रार जुनी आहे आणि अजून थकलेली नाही: उजवीकडचा सर्चचा डबा काढून टाकला. खरं तर तो कधीच काढलेला नाही. २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला तेव्हापासून वरच्या पट्टीत दोन चौकटी शेजारी शेजारी नांदत होत्या, डावीकडे पत्त्याची आणि उजवीकडे शोधाची. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘क्वांटम’ या नावाने गाजलेली ५७वी आवृत्ती आली, आणि नव्याने फायरफॉक्स घेणाऱ्याला एकच पट्टी दिसू लागली. ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्यांचा डबा जागेवर राहिला. म्हणजे जुन्या संगणकावर डबा होता, नव्यावर नव्हता. मग ‘काढून टाकला’ असं वाटणं साहजिकच. पट्टीवर उजवं बटण दाबून तिची मांडणी बदलायचं पान उघडलं की डबा तिथे आजही ठेवलेला असतो, ओढून जागेवर आणायचा एवढंच. मग इतकी वर्षं चिडचिड कशाची? लोक कारण चुकीचं सांगतात, दुखणं मात्र खरं आहे. डबा गेलेला नाही, त्याचा स्वभाव बदलला आहे. आणि रोज शेकडो वेळा ज्या जागी बोटं न पाहता जातात, तिथला स्वभाव बदलला की माणूस अडखळतोच.

याचा सगळ्यात विचित्र नमुना म्हणजे नव्या टॅबच्या मधोमध दिसणारी चौकट. तिच्यावर क्लिक केलं की कर्सर लुकलुकतो. पहिलं अक्षर टाइप केलं की चौकट फिकी पडते आणि ते अक्षर वरच्या पत्त्याच्या पट्टीत उमटतं. नजर मध्यावर, मजकूर वर. अनेकांना हा बिघाड वाटतो, काहींना तर व्हायरस. दोन्ही नाही. ती चौकट नुसती दर्शनी आहे. तिचं काम इतकंच, की तुमची अक्षरं वरच्या पट्टीच्या हवाली करायची. क्रोममध्ये हीच युक्ती आधीपासून होती. हेतू समजण्यासारखा आहे: तुमचा इतिहास, बुकमार्क, उघडे टॅब आणि सर्च इंजिनच्या सूचना हे सगळं वरच्या पट्टीत एकत्र भेटतं, मग मधल्या चौकटीसाठी वेगळी यंत्रणा कशाला पोसायची? पण हेतू बरोबर असला तरी दारावर खोटी कडी लावून ‘खरी वर आहे’ म्हणणं काही शहाणपणाचं नाही. तक्रार करणाऱ्याला इथे अडाणी म्हणता येत नाही.

दुसरा गैरसमज असा, की एकत्र झालेल्या पट्टीला आपण पत्ता लिहिला की प्रश्न विचारला हे कळत नाही, ती अंदाजपंचे काहीतरी करते. तिचे नियम बऱ्यापैकी ठरलेले आहेत. शब्दांमध्ये मोकळी जागा दिसली की तो शोध. मध्ये टिंब असेल आणि शेवटचा तुकडा इंटरनेटवरच्या मान्य शेपटांपैकी असेल, तर तो पत्ता. ‘पुणे हवामान’ लिहून एंटर दाबलं तर निकालांचं पान येईल, शेवटी ‘.भारत’ असलेलं नाव लिहिलं तर फायरफॉक्स ते संकेतस्थळ उघडायला जाईल, कारण देवनागरीतलं हे शेपूट २०१४ पासून अधिकृत वापरात आहे. ‘पु.ल.देशपांडे’ असं जागा न सोडता लिहिलं तर टिंबं दोन असूनही ‘देशपांडे’ नावाचं शेपूट यादीत नाही, म्हणून पुन्हा शोधच. पट्टीला आपल्या मनासारखं वागवायच्या खुणाही आहेत. सुरुवातीला प्रश्नचिन्ह आणि मोकळी जागा दिली की जे लिहाल ते शोध मानलं जातं. एकट्या शब्दाच्या शेवटी तिरकी रेघ दिली की तो पत्ता. तारांकन देऊन जागा सोडली की फक्त बुकमार्क धुंडाळले जातात. हे सगळं वापरणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं, हा दोष वेगळा. पण नियम नाहीत असं नव्हे.

तिसरी समजूत खासगीपणाची, आणि तिच्यात अर्धं सत्य आहे. ‘पट्टीत लिहिलेलं प्रत्येक अक्षर सर्च इंजिनकडे जातं’ हे सरसकट खरं नाही. इतिहास आणि बुकमार्क यांतल्या जुळण्या संगणकावरच शोधल्या जातात. अक्षरं बाहेर जातात ती सर्च इंजिनच्या सूचना चालू असतील तर. पत्त्याच्या पट्टीत या सूचना डिसेंबर २०१५ मधल्या ४३व्या आवृत्तीत आल्या तेव्हा त्या आपण होऊन चालू कराव्या लागत. ऑगस्ट २०१७ च्या ५५व्या आवृत्तीपासून त्या आधीच चालू असतात आणि नको असल्यास बंद करायच्या असतात. खासगी खिडकीत त्या मुळात बंद असतात. यावर कोणी म्हणेल की जुना वेगळा डबाही सूचना आणतच होता, मग फरक काय पडला? फरक पडतो. वेगळ्या डब्यात माणूस जाणूनबुजून प्रश्न लिहितो. पत्त्याच्या पट्टीत तो कार्यालयातल्या आतल्या सर्व्हरचं नावही लिहितो, आणि मजकूर पत्त्यासारखा दिसू लागल्यावर फायरफॉक्स सूचना मागायचं थांबवत असला तरी तोवर पहिली काही अक्षरं निघून गेलेली असतात. दोन चौकटी म्हणजे नुसती जुन्याची ओढ नव्हती. कोणती गोष्ट बाहेर जाईल आणि कोणती घरात राहील, याची ती डोळ्यांना दिसणारी सीमारेषा होती. ती ज्याला हवी, त्याने डबा परत आणावा आणि पत्त्याच्या पट्टीतल्या सूचना बंद कराव्यात. कंट्रोल-के दाबलं की मग कर्सरही त्या डब्यात जातो.

पैशाचा संशयही असाच अर्धवट. डिसेंबर २०१४ मध्ये ३४व्या आवृत्तीत सर्चच्या डब्याचं रूप बदललं: आधी छोट्या चिन्हावर क्लिक करून इंजिन निवडलं की ते तसंच राहायचं, आता खाली इंजिनांच्या चिन्हांची रांग आली आणि निवड त्या एका शोधापुरती झाली. त्याच वेळी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने याहूशी करार केला होता. लोकांनी दोन्हींची गाठ मारली: याहू गळ्यात मारण्यासाठी डबा बदलला. पण याहू मूळ, म्हणजे न निवडताच मिळणारं, इंजिन झालं ते अमेरिकेत. नवं रूप भारतासारख्या देशांतही हळूहळू पोचलं, जिथे गुगलच कायम राहिलं. शिवाय रांगेतल्या चिन्हांमुळे मूळ इंजिन टाळणं एका क्लिकचं काम झालं. तरीही संशय घेणाऱ्याला हसू नये. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न मूळ सर्च इंजिन म्हणून मिळणाऱ्या पैशातूनच येतं, आणि मूळ जागेची किंमत किती असते ते अमेरिकेतल्या गुगलविरुद्धच्या खटल्यात उघड झालं: २०२१ या एका वर्षात गुगलने अशा जागांसाठी वेगवेगळ्या कंपन्यांना मिळून २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली होती.

राहिला तो बनवणाऱ्यांच्या बाजूचा आवडता गैरसमज: लोकांना बदलच नको असतो, चार दिवस कुरकुरतील आणि सवय होईल. पण याच लोकांनी टॅब घेतले, हवे ते आठवून देणारी पट्टी घेतली. २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ती आली तेव्हा आरडाओरड झाली, आज ती नसेल तर त्याहून मोठी होईल. खटकतं ते परतीची वाट दाखवून ती बुजवणं. ३४व्या आवृत्तीतला नवा डबा नको असेल तर आतल्या सेटिंग्जमध्ये एक कळ होती. ४३व्या आवृत्तीत ती गेली. एप्रिल २०२० मध्ये ७५व्या आवृत्तीत क्लिक करताच फुगणारी पत्त्याची पट्टी आली. लिनक्सवाल्यांचा एका क्लिकने कर्सर ठेवायचा जुना परिपाठ मोडला, उजवीकडचा इतिहासाचा बाणही गेला. फुगणं थांबवणारी कळ होती, ती ७७व्या आवृत्तीत नाहीशी झाली. ‘सेटिंग बदलली, आता कायमचं मिटलं’ हा वापरणाऱ्यांचा गैरसमज इथे पुन्हा पुन्हा महागात पडला आहे: आतल्या पानावरची कळ म्हणजे वचन नव्हे, ती बहुधा मुदतीची सवलत असते. दोन-दोन वागणुकी सांभाळणं छोट्या संस्थेला परवडत नाही, हे उत्तर रास्त आहे. पण मग ते कळ देतानाच सांगायला हवं. आणि प्रत्येक वेळी खर्च मोठा असतो असंही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ८३व्या आवृत्तीत रांगेतल्या चिन्हावर क्लिक केल्यावर लगेच शोध होणं थांबलं, आधी ते इंजिन निवडलं जाऊ लागलं. त्याच वेळी आवृत्तीच्या टिपणात एक ओळ छापली होती: जुनी सवय हवी असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करा.