दुर्बिणीची बैठक आणि गांवाचा अक्षांश

सातारा-सांगलीसारख्या शहरांत हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून एखादी लहान दुर्बीण असते. मुलाच्या वाढदिवसास ती हौसेनें आणली जाते. पहिल्या रात्रीं गच्चीवर सारें घर जमतें. चंद्र दिसतो न दिसतो तोंच निसटतो, गुरु तर सांपडतच नाहीं, आणि दोन-चार रात्रींच्या खटपटीनंतर दुर्बीण माळ्यावर जाऊन बसते. घरच्या मंडळींचा समज होतो कीं, भिंग हलकें निघालें. मुलाचा समज याहून घातक असतो: आकाश पाहणें हें आपलें काम नव्हे, असें तें मनाशीं ठरवून टाकतें. वस्तुतः बहुधा भिंगाकडे दोष नसतोच. दुर्बीण जिच्यावर बसवितात ती बैठक नीट मांडलेली नसते, एवढेंच.

पृथ्वी आपल्या आंसाभोवतीं 23 तास 56 मिनिटें 4 सेकंदांत एक फेरा पुरा करते. म्हणून तारे तासाला सुमारें 15 अंश, म्हणजे चार मिनिटांस एक अंश, पश्चिमेकडे सरकतांना दिसतात. नुसत्या डोळ्यांस ही गति जाणवत नाहीं. पण पन्नासपट मोठें दाखविणाऱ्या साध्या नेत्रिकेंतून आकाशाचा जो तुकडा दिसतो त्याचा व्यास सुमारें एक अंश असतो. त्याच्या मध्यावर आणलेला तारा दोन मिनिटांत कांठाबाहेर जातो. शंभरपट केल्यास एकाच मिनिटांत जातो. वडील दूर होऊन मुलानें डोळा लावीपर्यंत शनि दिसेनासा होतो, तो यामुळें.

बैठकींचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्या प्रकारांत दुर्बीण आडवी फिरते आणि वर-खालीं होते. अमेरिकेंतील जॉन डॉब्सन (1915–2014) यांनीं लोकप्रिय केलेली सोपी लांकडी बैठक याच जातीची. ती मांडण्यास वेळ लागत नाहीं, पण ताऱ्यामागें जातांना दुर्बीण दोन्ही दिशांनीं सारखी ढकलावी लागते. दुसऱ्या प्रकारांत एक आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर असा तिरका बसवितात. त्यास ध्रुवाक्ष म्हणावें. पृथ्वी जितकी पूर्वेकडे फिरते तितकें या एकाच आंसाभोवतीं दुर्बिणीस पश्चिमेकडे फिरविलें कीं तारा दृष्टीपुढें स्थिर राहतो. जर्मन भिंगकार फ्राउनहोफर यानें दोर्पातच्या वेधशाळेसाठीं केलेली, 1824 सालची प्रसिद्ध दुर्बीण अशाच बैठकीवर होती, आणि आजच्या पुष्कळ लहान बैठकी तिच्याच वंशांतल्या आहेत. आपल्याकडे ही कल्पना परकी नाहीं. सवाई जयसिंगाच्या जयपूर येथील सम्राट यंत्राची तिरकी भिंत याच नियमानें पृथ्वीच्या आंसाशीं समांतर, 27 अंशांच्या चढानें बांधलेली आहे.

27 अंशच कां? जयपूरचा अक्षांश सुमारें तेवढा आहे म्हणून. आकाशाचा ध्रुवबिंदु क्षितिजापासून जितके अंश उंच, तितका त्या गांवाचा अक्षांश. साताऱ्याचा अक्षांश सुमारें 17 अंश 41 कला, आणि सांगलीचा सुमारें 16 अंश 51 कला. जुन्या ज्योतिषांत हीच गोष्ट पलभेनें सांगत. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते ती पलभा. वरील अक्षांशांवरून हिशेब केल्यास साताऱ्याची पलभा सुमारें 3 अंगुळें 50 व्यंगुळें, व सांगलीची 3 अंगुळें 38 व्यंगुळें येते. पंचांगकर्त्यांना ज्या कोनावांचून पाऊल टाकतां येत नसे, तोच कोन आज दुर्बिणीच्या बैठकीवर उतरवावयाचा असतो.

बैठकीवर अंशांची एक पट्टी व ध्रुवाक्ष उचलणारा मळसूत्री खिळा असतो. समजा, ती 40 अंशांवर लावलेली आली आणि तशीच साताऱ्याच्या गच्चीवर मांडली, तर चूक 22 अंशांची होते. मग दुर्बीण योग्य गतीनें फिरविली तरी तारा तासाला साडेपांच अंशांपर्यंत भरकटतो, आणि एक अंशाच्या दृष्टिक्षेत्रांतून पांच-सहा मिनिटांत बाहेर पडतो. उलट चूक एकाच अंशाची असेल तर सबंध तासांत तारा फार तर पाव अंश सरकतो. म्हणून साताऱ्यास नीट लावलेली बैठक सांगलीस नेली, तर पन्नास कलांच्या फरकानें घरगुती निरीक्षणांत कांहीं बिघडत नाहीं. दिल्लीस नेली तर मात्र ती पुन्हां लावावी लागेल. स्वस्त बैठकीवरील पट्टीवर सर्वस्वीं विसंबूं नये. विद्यार्थ्याच्या कंपासपेटींतील कोनमापक व दोऱ्याचा ओळंबा यांनीं ध्रुवाक्षाचा कोन एकदां ताडून पाहावा.

मांडणीचा पहिला नियम भक्कम आधाराचा. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेळीं नॉर्मन लॉकियर यांनीं विजयदुर्गास यंत्रें मांडून वेध घेतले. किल्ल्यांतील पक्के चौथरे आजहि ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवितात. घरच्या दुर्बिणीस ओटा नको, पण गच्चीचा मध्यभाग टाळावा. तेथें चालणाऱ्याच्या पावलानेंहि तारा थरथरतो. भिंतीवरची किंवा तुळईवरची जागा बरी, अंगणांतील फरशी त्याहून बरी. तिवईचे पाय पुरते लांबवूं नयेत. आपल्याकडे ध्रुवाक्ष बराच आडवा असल्यामुळें भार उत्तरेकडे झुकतो. म्हणून तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेस ठेवावा, आणि तोलवजनाचा दांडा पायास अडत नाहीं ना, हें फिरवून पाहावें. पाणसळ ठेवून माथा समतल करावा. शेवटीं तोलवजन व दुर्बीण पुढें-मागें सरकवून असा तोल साधावा कीं, खिळे सैल सोडले तरी दुर्बीण ठेवली तेथेंच राहील.

आतां उत्तर दिशा. चैत्र-वैशाखांत संध्याकाळीं सप्तर्षि वर असतात. त्यांतील पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ती पांचपट वाढविली कीं ध्रुवतारा सांपडतो. कार्तिक-मार्गशीर्षांत सप्तर्षि क्षितिजाखालीं असतात. तेव्हां उत्तरेकडे उंचावर दिसणाऱ्या शर्मिष्ठेच्या आधारें शोध घ्यावा. दुर्बीण ध्रुवाक्षाशीं समांतर ठेवून खिळे आंवळावेत, आणि मग तिवई डावी-उजवीकडे सरकवून व ध्रुवाक्षाचा मळसूत्री खिळा फिरवून ध्रुवतारा मध्यावर आणावा. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या व्यासाहून थोडा अधिक दूर आहे. डोळ्यानें पाहणारास तेवढा फरक चालतो.

अडचण अशी कीं, सतरा अंश ही उंची फार थोडी. साताऱ्याचा अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेस असल्यानें तो ध्रुवाच्या आड येत नाहीं, पण शेजारचें दुमजली घर येतें. सांगलीचा कृष्णाकांठ सपाट खरा. तरी क्षितिजाजवळच्या धुरकट हवेंत ध्रुव मंदावतो. अशा वेळीं होकायंत्र कामास येतें. आपल्या भागांत चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक आहे. मात्र गच्चीच्या कांक्रीटमधील लोखंडी सळ्या आणि तिवईचें पोलाद सुईला फसवितात. याहून खात्रीची रीत सूर्यसिद्धांतांत सांगितलेली शंकुच्छायेची. समतल फरशीवर वर्तुळ काढून त्याच्या मध्यावर सरळ काठी उभी करावी. सकाळीं छायेचें टोंक वर्तुळास जेथें लागेल तेथें एक खूण, दुपारनंतर पुन्हां लागेल तेथें दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, आणि तिला काटकोनांतील रेघ दक्षिणोत्तर. ही रेघ रंगानें एकदां आंखून ठेवली कीं पुढें दररोज तिवईचा पाय तिच्यावर ठेवण्यापुरतेंच काम उरतें.

मांडणी तपासावयाची असल्यास दक्षिणोत्तर रेघेवर आलेला, विषुववृत्ताजवळचा एखादा तारा कांहीं मिनिटें पाहत राहावें. तारा दक्षिणेकडे सरकला तर ध्रुवाक्ष उत्तरेच्या पूर्वेस वळलेला आहे. तो किंचित् पश्चिमेकडे घ्यावा. उत्तरेकडे सरकला तर उलट करावें.

नेम धरण्याचें निम्में काम दिवसाचें आहे. मोठ्या दुर्बिणीवर जी छोटी शोधक दुर्बीण असते, ती दोन्ही एकाच ठिकाणीं पाहत नसतील तर रात्रभर शोधूनहि कांहीं हातीं लागत नाहीं. उजेडीं साताऱ्यांत अजिंक्यताऱ्याच्या तटाचा कोपरा, सांगलींत दूरवरच्या पाण्याच्या टाकीचा कठडा मोठ्या दुर्बिणींत मध्यावर आणावा, आणि शोधकाचे खिळे फिरवून त्याच्या फुलीवर तोच बिंदु आणावा. रात्रीं प्रथम नेहमीं कमी शक्तीची नेत्रिका लावावी; वस्तु मध्यावर येऊन खिळा आंवळल्यावरच अधिक शक्तीची लावावी. पृथ्वी जेथून गति देते तो ध्रुवाक्षच मग सावकाश फिरवीत राहावें.

एक गोष्ट जिवापाड सांभाळावी. या दुर्बिणींतून, किंवा तिच्या शोधकांतूनहि, सूर्याकडे क्षणभरहि पाहूं नये. दृष्टि कायमची जाते. दिवसा नेम जुळवितांना सूर्य ज्या बाजूस असेल ती बाजू वर्ज्य मानावी, आणि मुलांस एकटें सोडूं नये.

पावसाळा सरला कीं कार्तिकापासून वैशाखापर्यंत आकाश बरेंच मोकळें असतें. गॅलिलिओनें 1610 सालीं गुरूचे चार चंद्र पाहिले, ती दुर्बीण आजच्या पुष्कळ घरगुती दुर्बिणींहून हलकी होती. पुण्यास 1944 साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थेंत चार जाणत्यांची सोबत मिळते; ती नसली तरी वरील एवढें घरीं साधण्याजोगें आहे. माळ्यावरची दुर्बीण खालीं उतरवून तिचा कोन आपल्या गांवाच्या अक्षांशावर आणावा. मग वडिलांनंतर आई, आईनंतर मूल, असे सारे जण क्रमानें डोळा लावतील, आणि प्रत्येकास शनीचें कडें जागच्या जागीं दिसेल.