दुष्काळ, दिवाळं आणि देवाची माया: साक्ष कशी वाचायची?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी प्रयोग फसत होते, फेलोशिप अडकली होती आणि मी चाकणच्या खोलीत एकटा. रविवारी भामचंद्र डोंगर चढायचो. खाली एमआयडीसीच्या शेड, वर लेणी. तुकोबा इथे एकांतात बसले, अशी परंपरा.

आता संशोधक म्हणून विचारा: संकटात त्यांना देवाची माया सापडली, हे कशावरून? पुराव्याचे तीन थर वेगळे करा.

पहिला, परिस्थिती. 1630-32 च्या गुजरात-दख्खन दुष्काळाचं वर्णन मोगल इतिहासकार आणि युरोपीय प्रवासीही करतात. म्हणजे स्वतंत्र दुजोरा आहे.

दुसरा, स्वतःची साक्ष. अभंगांत तुकोबा दिवाळं, उपासमार, बायकोचा मृत्यू सांगतात, देवाशी भांडतात, आणि याच आपत्तींनी मला देवाजवळ आणलं, असंही म्हणतात. तक्रार लपवलेली नाही, म्हणून साक्षीला वजन येतं.

तिसरा, नंतरचं चरित्र. महिपतींचं ‘भक्तलीलामृत’ 1774 चं, म्हणजे जवळपास सव्वाशे वर्षांनंतरचं. ते श्रद्धेने वाचा, पण पहिल्या दोन थरांत मिसळू नका.

आणि एक सापळा: ‘दुःख आलं की देव भेटतोच’ असा नियम काढू नका. त्याच दुष्काळात भुकेने गेलेल्या त्यांच्या पहिल्या बायकोची साक्ष आपल्याकडे नाही. नमुन्यात फक्त वाचलेला माणूस आहे.

माझी फेलोशिप पुढे सुटली. पण त्याआधीच त्या अभंगांनी आधार दिला होता. हा पुरावा नाही, माझी साक्ष आहे. दोन्हींतला फरक तेवढा वहीत लिहून ठेवा.