आगमनकाळ आणि आशीर्वचन

पाश्चात्य ख्रिस्ती मंडळ्यांचें धार्मिक वर्ष १ जानेवारीस सुरू होत नाहीं. तें नाताळापूर्वींच्या चवथ्या रविवारीं, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होतें. तेव्हांपासून नाताळापर्यंतच्या दिवसांस ‘आगमनकाळ’ म्हणतात. वर्षाचा आरंभ उत्सवानें न करतां प्रतीक्षेनें करावा, ही कल्पनाच मननीय आहे. परंतु वाट पाहणें हें कांहीं मनास स्वस्थ ठेवणारें कर्म नव्हे. ज्यानें आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढली आहे, त्यास हें सांगावयास नको. मग अशा काळांत शांति यावी कोठून?

याचें एक उत्तर जर्मनींतील हँबुर्ग शहरांत मिळतें. पंधराव्या वर्षीं पितृछत्र हरपलेल्या योहान हिन्रिख विखर्न यानें १८३३ सालीं तेथें वाऱ्यावर सोडलेल्या मुलांसाठीं ‘राउहेस हाउस’ हा आश्रम काढला. नाताळ कधीं येणार, असें मुलें वारंवार विचारीत. १८३९ सालीं त्यानें एका लांकडी चाकावर २० लहान तांबड्या व ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. प्रार्थनेच्या वेळीं रोज एक लहान आणि रविवारीं एक मोठी मेणबत्ती नव्यानें लावावयाची. बाहेर अंधार वाढे, आंत उजेड वाढे.

पुढें या चाकास हिरव्या पालवीचें कडें व चार मेणबत्त्या, असें सुटसुटीत रूप आलें. पहिल्या रविवारीं त्यावर आशीर्वाद मागतात. घरीं ही प्रार्थना आई, बाप किंवा दुसरें कोणी कुटुंबीय म्हणतें. त्या कड्यांत कांहीं मंत्रसामर्थ्य भरावें, असा तिचा हेतु नसतो. ज्योत पाहून घरच्यांचें चित्त ईश्वराकडे लागावें, एवढेंच मागणें असतें.

अशा प्रार्थनांच्या मुळाशीं एक अतिप्राचीन आशीर्वचन आहे. बायबलांतील ‘गणना’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत तें आढळतें. मूळ हिब्रू भाषेंत त्याचे अवघे १५ शब्द: पहिल्या चरणांत ३, दुसऱ्यांत ५, तिसऱ्यांत ७. रक्षण, कृपा आणि शांति, हा त्यांतील याचनांचा क्रम. १९७९ सालीं यरुशलेम येथील एका प्राचीन थडग्यांत चांदीच्या दोन लहानशा गुंडाळ्या सांपडल्या. त्यांवर याच आशीर्वचनाचे शब्द कोरलेले असून, त्या ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकांतील मानल्या जातात. मार्टिन ल्यूथरनें १५२६ सालच्या आपल्या जर्मन उपासनाविधीचा शेवट याच शब्दांनीं केला.

त्यांतील दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. समोर सारा समाज उभा असतांही संबोधन मात्र एकवचनी आहे. जणूं प्रत्येकाच्या मस्तकावर निराळा हात ठेवला जातो. दुसरें, शेवटचा शब्द ‘शालोम’. त्याचा अर्थ केवळ कलहाचा अभाव नव्हे. कुशल, पूर्णता, मोडलेलें सांधलें जाणें, इतकें सर्व त्यांत येतें.

आशीर्वाद कोणी स्वतःस देत नाहीं. तो दुसऱ्याच्या मुखांतून यावा लागतो. दिवेलागणीस वडीलधाऱ्यांपुढें वांकणाऱ्या मराठी मुलांस हें न शिकवितां कळतें. आगमनकाळांतील शांतीचें मर्मही हेंच आहे. ती एकट्यानें डोळे मिटून मिळवावयाची वस्तु नाहीं. ती देतां-घेतां लाभते. हँबुर्गच्या त्या मुलांचा एकही दिवस मेणबत्त्यांनीं कमी झाला नाहीं. मात्र आपल्यासाठीं कोणी तरी रोज एक ज्योत लावतें, हें त्यांस दिसलें. आणि वाट पाहणें सुसह्य झालें.